जीपचा जड झालेला फोर-व्हील दांडा : कारणे व उपाय

मृगाचा पाऊस एकदा लागला म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी आणि भुदरगड या तालुक्यांतील वाडीवस्तीचे दळणवळण पाणंदीच्या चिखलावर अवलंबून राहते. खताची पोती शिवारात न्यावयाची असतात, दुधाच्या किटल्या वेळेवर पोहोचवावयाच्या असतात आणि एखाद्या रात्री आजारी माणसास किंवा अडलेल्या गरोदर स्त्रीस दवाखान्यात हलवावे लागते. अशा प्रसंगी चारही चाकांवर जोर घेणारी जुनी जीप फार उपयोगी पडते. परंतु ओढ्याच्या काठावर, चाके रुतू लागल्यावर, पुढील चाकांस जोर देणारा दांडा जागचा हललाच नाही, तर त्या जीपमध्ये आणि साध्या मोटारीमध्ये काहीच फरक राहत नाही.

हा दांडा जड होणे ही जुन्या जीपमध्ये नेहमी आढळणारी तक्रार आहे. तिच्यावर सर्वत्र एकच उपाय केला जातो, तो म्हणजे अधिक बळ लावणे. कोणी पाय देऊन दांडा ढकलतो, तर कोणी त्यावर लोखंडी नळी चढवून तो ओढतो. त्यामुळे दांडा वाकतो, आतील काटा वाकतो आणि थोड्या ग्रीसने भागले असते तेथे पेटी उतरविण्याची पाळी येते. वास्तविक जड झालेला दांडा हा पुष्कळदा स्वतः दोषी नसतो. खाली कोठे तरी काही अडले आहे, एवढेच तो सांगत असतो. यास्तव आधी अडते कोठे ते शोधावे आणि मगच पान्यास हात घालावा. असे न केल्यास रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी स्थिती होते.

जीप आणि ग्रामीण भाग

जीप हे वाहन दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. युद्ध संपताच १९४५ साली विलिस कंपनीने शेतीकाम डोळ्यांपुढे ठेवून नागरी जीप बाजारात आणली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने या गाडीची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला आणि विकास गटाच्या कचेरीपुढे उभी असलेली जीप हे खेड्यापाड्यांतील परिचित दृश्य झाले. त्या घडणीच्या आणि तिच्यापासून पुढे निघालेल्या गाड्या आजही शेतकऱ्यांच्या वापरात आहेत. गाडी जुनी असली तरी तिची रचना साधी आहे. जो शेतकरी पंपाचा वॉल्व्ह स्वतः साफ करतो, त्याला पुढे दिलेली बहुतेक कामे स्वतः करता येतील.

रचना

इंजिनाची शक्ती प्रथम गिअरबॉक्समध्ये येते. गिअरबॉक्सच्या पाठीमागे दुसरी एक लहान पेटी जोडलेली असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. मुख्य पाटातील पाणी जसे दोन दंडांत वाटून द्यावे, तशी ही पेटी शक्तीची वाटणी करते. एक शाफ्ट मागील चाकांकडे जातो व दुसरा पुढील चाकांकडे.

जुन्या जीपमध्ये या पेटीचे दोन आखूड दांडे गिअरच्या मुख्य दांड्याशेजारी असतात. त्यांपैकी एक दांडा पुढील चाकांचा जोर जोडतो किंवा तोडतो. दुसरा दांडा वेग हाय किंवा लो करतो. लो मध्ये गाडीची गती सुमारे अडीच पटीने कमी होते आणि चाकांवर येणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. काही गाड्यांमध्ये ही दोन्ही कामे एकाच दांड्याने होतात. दांडा कोणत्या बाजूस ढकलावयाचा याची आकृती चालकासमोरील पट्टीवर कोरलेली असते. ती पुसट झाली असल्यास साफ करून घ्यावी.

दोन्ही दांडे एकाच आडव्या पिनीवर झुलतात. दांड्याचे खालचे टोक पेटीतून बाहेर आलेल्या एका सळईच्या खाचेत बसते. दांडा हलविला की सळई पुढे-मागे सरकते, तिच्यावर बसविलेला काटा आतील चक्र सरकवितो आणि दाते एकमेकांत गुंततात. सळई जागेवर टिकून राहावी म्हणून स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी तिच्या खाचेत बसते. दांडा जागेवर बसताना जो ‘टक्’ असा आवाज होतो, तो या गोळीचा होय. म्हणजे दांडा, पिन, सळई, काटा आणि चक्र अशी ही पाच जणांची साखळी आहे. यांपैकी कोणतेही एक अडले तरी चालकाच्या हातास दांडाच जड लागतो.

दोष नसताना लागणारा अडथळा

दोन दांड्यांच्या जीपमध्ये पुढील चाकांचा जोर जोडल्यावाचून लो पडत नाही. ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे. लो मधील सारा जोर एकट्या मागील अ‍ॅक्सलवर येऊन तो मोडू नये, यासाठी दोन सळयांच्या मध्ये एक अडसर ठेवलेला असतो. म्हणून प्रथम पुढील चाके जोडावी आणि नंतर लो टाकावा. परत येताना प्रथम हाय करावा आणि मगच पुढील चाके सोडावी. हा क्रम चुकला तर दांडा हलत नाही, आणि तो हलत नाही म्हणून त्यावर बळ लावले तर अडसर बिघडतो.

लो टाकताना गाडी उभी करावी आणि क्लच पूर्ण दाबावा. दाते समोरासमोर आल्यामुळे दांडा अडत असेल, तर गाडी वीतभर पुढे किंवा मागे घेऊन पुन्हा प्रयत्न करावा. ज्या गाड्यांच्या पुढील चाकांना हाताने फिरविण्याचे हब बसविले आहेत, त्यांत हब मोकळे असताना पुढील शाफ्ट स्थिर असतो. अशा वेळी चालत्या गाडीत दांडा टाकू नये. दाते घासून खराब होतात.

शाफ्टमधील ताण

चिखलातून डांबरी सडकेवर आल्यावर दांडा परत निघत नाही, ही तक्रार फार वेळा ऐकू येते. येथे पिन, सळई व तेल ही सर्व ठीक असू शकतात. अडचण वेगळीच असते.

खळ्यात मेढीभोवती फिरणारी बैलांची पात ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. मेढीजवळचा बैल थोडे चालतो, तर कडेच्या बैलास त्याच वेळात पुष्कळ चालावे लागते. जीप वळताना तसेच घडते. पुढील चाके मोठ्या वर्तुळातून जातात व मागील चाके लहान वर्तुळातून. परंतु जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढील व मागील शाफ्ट दात्यांनी घट्ट जोडले गेल्यामुळे दोघांना सारखेच फिरावे लागते. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक आपोआप भरून निघतो. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. त्यामुळे शाफ्ट पिळले जातात, दाते एकमेकांवर दाबून बसतात आणि चक्र सरकू शकत नाही.

टायर असमान असतील तर सरळ रस्त्यावरही हाच ताण येतो. जीपच्या सर्वसाधारण टायरचा घेर सुमारे २ मीटर २३ सेंटिमीटर धरला, तर १ किलोमीटर अंतरात चाकाचे सुमारे ४५० फेरे होतात. पुढील टायर नवे आणि मागील टायर झिजलेले असून त्यांच्या त्रिज्येत फक्त १ सेंटिमीटरचा फरक असेल, तर दर फेऱ्यास ६ सेंटिमीटरांहून अधिक तफावत पडते. एका किलोमीटरला ती सुमारे २८ मीटर भरते. एवढी ओढाताण कोठे तरी निघालीच पाहिजे. ती टायर, दाते आणि शाफ्ट यांवर निघते.

उपाय सोपा आहे. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी आणि ती हळू चालत असतानाच क्लच दाबून दांडा हलक्या हाताने सोडवावा. शेजारी मऊ माती किंवा खडीची बाजूपट्टी असल्यास दोन चाके तिच्यावर घ्यावी. एवढ्याने काम झाले नाही तर सपाट जागेवर गाडीचे इंजिन बंद करून, मागील चाकांना पुढून व मागून दगड लावून, पुढील एक चाक जॅकने जमिनीपासून किंचित उचलावे. पिळलेला ताण सुटताना ते चाक एकदम गरकन फिरू शकते. म्हणून हात, पाय व धोतराचा सोगा त्यापासून दूर ठेवावा. कठीण रस्त्यावर पुढील चाके जोडून गाडी चालवू नये आणि चारही टायर एकाच मापाचे व योग्य हवेचे ठेवावे, हाच यावरील खरा उपाय होय.

अडते कोठे ते ओळखणे

मऊ मातीवर गाडी उभी असतानाही दांडा जड लागत असेल, तर दोष दांड्याच्या साखळीत आहे असे समजावे. तपासणीपूर्वी एक खबरदारी अवश्य घ्यावी. पुष्कळ जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागील एक चाक वर उचलले तर हा ब्रेक गाडीस धरून ठेवीत नाही. तसेच हाय-लोचा दांडा मधल्या मोकळ्या जागी असेल, तर गिअरमध्ये टाकलेली गाडीही घरंगळते. म्हणून सपाट जागा निवडावी, चारही चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावे आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

प्रथम दांड्यांभोवतालचे रबरी आवरण वर करून पाहावे. ते वाळून कडक झाले असेल किंवा दांडा पत्र्याच्या कडेस घासत असेल, तर तेथेच अडथळा सापडतो. गिअरबॉक्सखालील रबर खचले असेल तर पेटी खाली बसते आणि दांडा पत्र्यास टेकतो. अशा वेळी पत्रा कापू नये, रबर बदलावे.

तेथे काही आढळले नाही तर गिअरबॉक्सवरील पत्र्याचे स्क्रू काढून पत्रा बाजूला करावा. पिनीस अडकविणारा लहान स्क्रू सैल करून पिन बाहेर काढावी आणि दांडे सुटे करावे. आता पिन दांड्याच्या भोकात घालून दांडा बोटाने फिरवून पाहावा. तो जड फिरला तर दोष पिनीत आहे. तो हलका फिरला परंतु सळई जागची सरकत नसेल, तर दोष सळईत किंवा पेटीच्या आत आहे. या एका परीक्षेने निम्मे काम होते.

पिनीची सफाई

जुन्या जीपमधील जड दांड्याचे एक अगदी सामान्य कारण म्हणजे गंजलेली पिन. ही पिन गाडीच्या पोटाशी असते. प्रत्येक ओढ्याचे पाणी व प्रत्येक पाणंदीचा चिखल तिच्यावर उडतो. बहुतेक गाड्यांत तिला ग्रीस देण्यासाठी निपल असते, परंतु ते चिखलाखाली दडलेले असल्याने वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

पिन गंजून बसली असेल तर तिच्यावर गंज सोडविणारे पातळ तेल सोडून रात्रभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा मध्ये धरून हलके ठोके द्यावे. लोखंडी हातोडीचा घाव पिनीवर थेट घालू नये. तिचे टोक पसरते आणि ती मुळीच निघत नाही. दांडे, वॉशर व स्प्रिंगा कोणत्या क्रमाने होत्या ते कागदावर लिहून ठेवावे.

निघालेले भाग डिझेलने धुवावे. पिनीवरील गंज बारीक पॉलिश पेपरने काढावा. ग्रीस जाण्याचे भोक पातळ तारेने मोकळे करावे आणि जुने निपल बंद झाले असल्यास नवे बसवावे. पिनीवर बोटास जाणवेल अशी चर पडली असेल तर तीच पुन्हा बसवू नये. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील लेथवर नमुन्याबरहुकूम पिन वळवून घेता येते. बसविताना पाण्याने सहज न धुपणारे लिथियम ग्रीस लावावे, स्क्रू पक्का आवळावा आणि निपलमधून ग्रीस गनने नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावे.

सळई व तेल

सळईचे बाहेर आलेले टोक उघडेच असते. दांडा महिनोन्महिने वापरला नाही तर त्यावर गंजाचा थर चढतो. मग सळई आत सरकताना हा थर तेलसीलमध्ये अडकतो. टोकावरील चिखल प्रथम चिंधीने पुसावा. सीलच्या तोंडाशी स्वच्छ फडके गुंडाळून टोक बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासावे. कानस वापरू नये. नंतर पातळ तेल सोडून सळई हलक्या हाताने थोडी थोडी पुढे-मागे करावी. सीलमधून तेल गळत असेल तर ते बदलावे, कारण ज्या वाटेने तेल बाहेर येते त्याच वाटेने पाणी आत जाते.

यानंतर पेटीतील तेल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून बाजूचा भरणा प्लग काढावा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. ते बोटाने तपासता येते. तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे निश्चित समजावे. जुन्या रचनेत गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस यांतील तेल एकमेकांत जाऊ शकते, म्हणून दोन्ही पेट्या एकाच वेळी तपासाव्या. एस.ए.ई. ९० क्रमांकाचे गिअर तेल या पेट्यांस चालते. डब्यावर जी.एल.-४ असे लिहिलेले असल्यास ते गिअरबॉक्समधील पितळी कड्यांसही मानवते. जुने तेल गाडी थोडी चालवून गरम झाल्यावर काढावे, म्हणजे तळाचा गाळही निघून येतो. ते तेल शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात साठवावे.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगेस आलेल्या महापुरांनी नदीकाठच्या गावांतील वाहनांचे किती नुकसान होते ते दाखवून दिले. पुरात बुडालेली जीप पाणी ओसरताच चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व दोन्ही अ‍ॅक्सल यांतील तेल तपासून, पाणी आढळल्यास बदलून, मगच ती चालू करावी. पाणी मिसळलेल्या तेलाने बेअरिंगे गंजतात आणि दांडा जड होणे हे त्या मोठ्या नुकसानीचे पहिले चिन्ह ठरते.

मिस्त्रीकडे केव्हा जावे

पिन साफ आहे, सळईचे टोक चकचकीत आहे, तेल चांगले आहे, टायर समान आहेत आणि तरीही दांडा जड आहे, असे झाल्यास दोष पेटीच्या आत असतो. काटा वाकला असेल, दात्यांच्या कडा दबल्या असतील किंवा गोळीच्या खाचेस चर पडली असेल. दांडा चालत्या गाडीत आपोआप सुटत असेल किंवा टाकताना दात्यांचा खरखराट होत असेल, तर तोही आतील दोष होय. हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे. मात्र वर सांगितलेली तपासणी झाली असल्याचे त्यास सांगावे, म्हणजे विनाकारण उघडझाप होत नाही.

नियमित निगा

विळा वापरला नाही तर त्यास गंज चढतो. फोर-व्हीलच्या दांड्याचेही तसेच आहे. उन्हाळ्याचे चार महिने त्यास हात लावला नाही तर पावसाळ्याच्या पहिल्या चिखलात तो साथ देईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्या :

१. महिन्यातून एकदा नांगरटीत किंवा मऊ मातीवर गाडी नेऊन दोन्ही दांडे क्रमाने टाकावे. थोडे अंतर पुढे व मागे जाऊन ते पुन्हा सोडवावे.

२. रोहिणी नक्षत्रात, म्हणजे पेरणीच्या तयारीबरोबरच, पिनीस ग्रीस द्यावे व तेलाची पातळी पाहावी.

३. खोल ओढ्यातून गाडी गेल्यास त्याच आठवड्यात पिनीस पुन्हा ग्रीस द्यावे आणि तेलाचा रंग पाहावा.

४. रबरी आवरण फाटल्यास लगेच बदलावे.

५. रुतण्याची शक्यता दिसताच, चिखलात शिरण्यापूर्वीच पुढील चाके जोडावी. चाके रुतून फिरू लागल्यावर दांडा ओढणे म्हणजे घर जळू लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

ग्रामसेवकांनी आपल्या गावात अशा किती गाड्या आहेत याची माहिती ठेवावी आणि मे महिन्यात त्यांच्या मालकांना एकत्र बोलावून ही तपासणी एकदा करून दाखवावी. त्यास एक सकाळ पुरते. लागणारे साहित्य म्हणजे दोन-चार पाने, ग्रीस गन, थोडे डिझेल, पॉलिश पेपर आणि चिंधी. त्या सकाळचे मोल आषाढातल्या एखाद्या रात्री कळते. बाहेर मुसळधार पाऊस असतो, गाडीत रुग्ण असतो, समोर भरलेली पाणंद असते, आणि चालकाच्या दोन बोटांनी दांडा ‘टक्’ आवाज करीत आपल्या जागी बसतो.